बोअरचं पाणी पूलमध्ये भरलं, ब्लीचिंग टाकलं आणि लाल झालं, आता रिकामा करू का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. यावल तालुक्यात मळ्यातल्या घराजवळ १० मीटर बाय ५ मीटरचा टाइल्सचा पूल, बोअरच्या पाण्याने भरला, भरताना पाणी एकदम काचेसारखं, पहिल्यांदा ब्लीचिंग टाकलं आणि संध्याकाळपर्यंत चहासारखं झालं, पायऱ्यांवर आणि टाइल्सच्या जॉइंटमध्ये तपकिरी डाग बसले. मग कोणी सांगितलं म्हणून अर्धा किलो मोरचूद, मग तुरटी, मग परत टीसीएल पावडर, म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, आणि आता पाणी दुधट हिरवट, तळ दिसत नाही. रिकामा करून परत भरू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. आणि दुसरं, आजपासून आठ-दहा दिवस त्या पाण्यात काहीही नवीन टाकू नका जोपर्यंत पाण्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. मी १८ वर्षं जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात पूलची कामं करतोय आणि मला जितके बिघडलेले पूल बघायला बोलावलं त्यातले निम्म्याहून जास्त मूळ दोषाने नाही तर एकावर एक टाकलेल्या औषधांनी बिघडलेले होते.

आधी हे समजून घ्या की ते लोखंड ब्लीचिंगमधून आलेलं नाही, तुमच्या बोअरमधूनच आलंय. जमिनीच्या पोटात जिथे हवा पोचत नाही तिथे लोखंड पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं, मिठासारखं, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून भरताना पाणी काचेसारखं. त्याला हवा लागली की हळूहळू आणि क्लोरीन लागलं की लगेच ते गंजतं, विरघळलेलं बाहेर पडतं आणि बारीक तपकिरी गाळ होतो, तो थोडा पाण्यात तरंगतो आणि थोडा टाइल्सवर, खास करून सिमेंटच्या जॉइंटमध्ये जाऊन बसतो. तुम्ही केळीवाले आहात म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल, ठिबकच्या लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीचं, शेवटचं टोक उघडून फ्लश करताना जो लाल चिखल निघतो आणि ज्याने ड्रिपर चोंदतात, ज्यासाठी तुम्ही ॲसिड ट्रीटमेंट आणि क्लोरीन ट्रीटमेंट करता, तोच हा. पूल म्हणजे या बाबतीत एक मोठं लॅटरलच समजा.

आता हिशोब बघा. सरासरी खोली १.३ मीटर धरली तर तुमच्या पूलमध्ये ६५,००० लिटर पाणी आहे. लोखंड समजा १.५ पीपीएम असलं, म्हणजे हजार लिटरला दीड ग्रॅम, तर एकूण जवळपास १०० ग्रॅम लोखंड झालं, मूठभर खिळे. गंजून त्याचा गाळ होतो तेव्हा वजन जवळपास दुप्पट होतं आणि तो मैद्यापेक्षा बारीक असतो. ०.३ पीपीएमच्या वर गेलं की डाग धरायला सुरुवात होते, त्यामुळे दीड म्हणजे भरपूर. रिकामा करून त्याच बोअरने परत भरलं तर काय होणार, आणखी १०० ग्रॅम नवीन लोखंड आणून टाकणार तुम्ही. शिवाय उन्हाळ्यात रिकामा पूल ४४-४५ डिग्रीच्या उन्हात तापला की टाइल्स सुटतात, काळ्या मातीत टाकी असली तर माती वाळून आकसते आणि भिंतीला तडा जायची भीती, पावसाळ्यात उलटं, बाहेरच्या पाण्याचा दाब रिकाम्या टाकीला उचलायला बघतो. आणि मे महिन्यात ६५ हजार लिटर पाणी आपल्या भागात असं ओतून देणं मला तरी पटत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी. तळाच्या मेन ड्रेनची जाळी वरून उभं राहून स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, स्वतःच्या घरच्यांनाही नाही. रविवारी पाहुणे येतात, पोरं उड्या मारतात, अशा दुधट पाण्यात एखादं पोरगं खाली बसलं तर काठावरच्या माणसाला ते दिसतच नाही. डाग राहिले तर राहिले, ते नंतर निघतील, पण हे पाळा. पूलच्या तोंडाशी दोर बांधा.

आता तपासणी. यासाठी लॅबची गरज नंतर, आधी घरच्या घरी तीन गोष्टी करा. पहिली बादलीची. बोअरची मोटर १५ मिनिटं चालू द्या आणि मग पांढऱ्या बादलीत पाणी घ्या, त्यात अर्धा चमचा टीसीएलची निवळी टाका, म्हणजे पावडर पाण्यात कालवून वरचं स्वच्छ पाणी, आणि रात्रभर ठेवा. पिवळसर तपकिरी झालं तर लोखंड, काळपट तपकिरी झालं तर मँगनीज पण आहे, आणि तसंच राहिलं तर लोखंड बोअरच्या पाण्यात नाही, मग ते गंजलेल्या केसिंगमधून, म्हणजे बोअरच्या आतल्या भिंतीच्या पाइपमधून, किंवा जीआय म्हणजे जस्त लावलेल्या लोखंडी लाइनमधून येतंय. हे ओळखायला दुसरी बादली मोटर सुरू केल्या केल्या भरा. सुरुवातीची बादली लाल आणि १५ मिनिटांनंतरची स्वच्छ असेल तर केसिंगच आहे असं धरून चाला, आपल्याकडे तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत खोल बोअरला लोखंडी केसिंग असतं, ते जुनं झालं की असं होतंच, आणि मग उपाय सोपा, सुरुवातीचं पाणी झाडांना सोडायचं आणि नंतरचं पूलला.

दुसरी, डागाची. मेडिकलमधून व्हिटॅमिन सी च्या साध्या गोळ्या आणा, चार-पाच कुटून सुती मोज्यात बांधा आणि पाण्याखालच्या पायरीवरच्या डागावर पाच मिनिटं दाबून ठेवा. मोजा उचलल्यावर तिथे टाइल्सचा मूळ रंग चौकोनासारखा दिसला तर तो लोखंडाचा डाग, जवळपास खात्रीने. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पायरीवर मोज्याच्या आकाराचा निळा तुकडा स्वच्छ निघालेला बघून मालक तिथेच खाली बसून दुसरा डाग घासायला लागला होता. डाग हलला नाही पण क्लोरीनची पावडर चिमूटभर टाकल्यावर फिका झाला तर तो कडुलिंब, जांभूळ, चिंचेच्या पाल्याचा डाग, त्याचा धातूशी संबंध नाही. आणि दोन्हीला दाद न देणारा हिरवट निळा किंवा काळपट डाग असला तर बहुतेक तांबं, म्हणजे तुमचं मोरचूद.

तिसरी, गढूळपणाची. काचेच्या ग्लासमध्ये पूलचं पाणी घ्या आणि त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. ढवळल्यावर स्वच्छ झालं तर दुधटपणा चुन्याचा आहे. तुमच्या बाबतीत तो नक्की निघेल असं मला वाटतं, कारण टीसीएल म्हणजे मुळात चुनाच, त्यात क्लोरीन साधारण ३०-३५ टक्के आणि बाकी बराचसा न विरघळणारा चुना, तो सगळा तुम्ही सरळ पूलमध्ये ओतला. त्यात आपलं बोअरचं पाणी जात्याच जड, उन्हाळ्यात पाणी तापलं की चुना आणखी बाहेर पडतो, पीएच ८ च्या वर गेला की अजून जास्त, आणि रोज साधारण सेंटिमीटरभर पाणी उडून जातं पण क्षार तिथेच राहतात, वरून आपण परत जड पाणीच घालतो. हंड्याला आणि गिझरच्या कॉइलला जी पांढरी पापडी बसते तीच इथे पाण्यात तरंगतेय.

मोरचूदाबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण आपल्याकडे हे फार चालतं, बोर्डो मिश्रणामुळे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी ते असतं आणि शेवाळ झालं की टाका मूठभर असं कोणीही सांगतं. मोरचूदात तांबं साधारण २५ टक्के असतं. अर्धा किलो म्हणजे १२५ ग्रॅम तांबं, ६५ हजार लिटरमध्ये जवळजवळ १.९ पीपीएम. पूलमध्ये ०.३ च्या वर तांबं मी कधी जाऊ देत नाही. जड आणि जास्त पीएचच्या पाण्यात ते चुन्याबरोबर हिरवट दुधट होऊन तरंगतं, टाइल्सवर बसतं, आणि पोरींचे केस हिरवट होतात तेही यानेच, लोक उगाच क्लोरीनला दोष देतात. आता मोरचूद बंद, कायमचं. शेवाळाचं औषध आणायचं तर डब्यावर कॉपर लिहिलेलं नाही ना ते वाचून आणा.

आता काम कोणत्या क्रमाने करायचं ते. आधी पाणी स्वच्छ, मग डाग, मग क्लोरीन. हा क्रम मोडायचा नाही, का ते पुढे येईल.

टेस्ट किटने पीएच बघा आणि ॲसिडने तो ७.४-७.५ वर आणा. ॲसिड नेहमी बादलीभर पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि पूलच्या खोल बाजूला पंप चालू असताना पातळ धारेने सोडायचं. ॲसिडची बादली आणि क्लोरीनची बादली वेगळी ठेवा, मगसुद्धा वेगळा, दोन्ही एकत्र आले की विषारी गॅस निघतो. तसंच टीसीएल आणि नव्वद टक्केवाल्या क्लोरीनच्या गोळ्या एका डब्यात कधीही नाही, ते पेट घेतं, स्फोट होऊ शकतो. पीएच जमला की १ ते दीड किलो तुरटी बादल्यांमध्ये पूर्ण विरघळवून सगळीकडे शिंपडा. तुम्ही आधी टाकलेली तुरटी वाया गेली त्याचं कारण पीएच, साडेआठच्या पुढे तुरटीचा लगदा धरतच नाही, परत विरघळतो. तुरटी टाकल्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा दांडा) रीसर्क्युलेटवर ठेवून तास-दीड तास पाणी फिरवा, फिल्टरमधून नाही, नाहीतर लगदा वाळूत जाऊन गोळे होतील, मग सगळं बंद करून रात्रभर पाणी अजिबात हलू देऊ नका. सकाळी वारा सुटायच्या आत तळाशी राखाडी-तपकिरी साय बसलेली दिसेल, हात लावला तर धुरासारखी उठते इतकी हलकी. ती व्हॅक्यूमने, व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर जाईल असं, अगदी सावकाश, ब्रश जमिनीला टेकवून सरळ रेषेत ओढत काढायची. घाई करणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका. चार-पाच हजार लिटर पाणी यात जाईल, ते जाऊ द्या, त्यातच तुमचं बरंचसं लोखंड आणि चुना बाहेर पडतो. लागलं तर दोन दिवसांनी निम्म्या तुरटीने परत करा.

तांबं मात्र तुरटीने पूर्ण निघत नाही, विरघळलेलं राहतं. पाणी स्वच्छ झाल्यावर एक बाटली लॅबमध्ये देऊन तांबं आणि लोखंड दोन्ही तपासा. तांबं अजून १ च्या आसपास असलं तर एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही, पण एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत, आणि शक्यतो उघड्या विहिरीच्या पाण्याने, कारण त्या पाण्याला आधीच हवा लागलेली असते आणि लोखंड बहुतेक वेळा कमी असतं. तरी बादलीची परीक्षा करूनच. काढलेलं पाणी नाल्यात किंवा मासे सोडलेल्या शेततळ्यात सोडू नका, तांबं माशांना फार वाईट. केळीच्या बागेतही नको.

आता डाग. इथे ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे व्हिटॅमिन सी ची पावडर लागते, केमिकलच्या दुकानात किलोच्या हिशोबाने मिळते. पण ते क्लोरीन असताना चालत नाही, क्लोरीन त्याला खाऊन टाकतं, म्हणून क्लोरीन शून्यावर येऊ द्यायचं. आणि क्रम का मोडायचा नाही ते इथे कळतं, मे महिन्यात क्लोरीन शून्य आणि पाण्यात घाण असेल तर एका रात्रीत पूल हिरवागार होतो. पाणी आधी स्वच्छ असेल तर दोन दिवस निभावतात. जमलं तर हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, डाग तोपर्यंत कुठे पळत नाहीत. आत्ताच करायचं असेल तर तांबं नसलेलं अल्गीसाइड आधी टाका, संध्याकाळी सुरू करा, ४०० ग्रॅम पावडर डाग जिथे जास्त तिथे टाका, पंप चालू. अर्ध्या तासात पायऱ्या फिक्या व्हायला लागतील. सकाळपर्यंत राहिले तर अजून ३००-४०० ग्रॅम. घासायला लागत नाही, डाग आपोआप पाण्यात उतरतो.

आणि इथेच बहुतेक लोक हरतात. डाग गेला म्हणजे लोखंड गेलं असं नाही, ते परत विरघळून पाण्यात आलंय. आता खुशीत येऊन क्लोरीन मारलं की त्याच संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर परत डाग. मी स्वतः हे केलंय, सातपुड्याच्या पायथ्याला एका लग्नाच्या आदल्या दिवशी, पाणी चमकवायच्या नादात रात्री क्लोरीनचा मोठा डोस दिला आणि सकाळी मांडवातली माणसं पूलजवळ येऊन बघत उभी, पाणी कोरा चहा. एक म्हातारी आजी एवढंच म्हणाली, "आप्पा, पानी त लाल व्हई गयं." त्या दिवशी कोणी रागावलं नाही, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे आणि तेव्हापासून बादलीत तपासल्याशिवाय मी कोणत्याच नव्या पाण्याला क्लोरीन लावत नाही.

म्हणून ॲस्कॉर्बिकनंतर लगेच मेटल सिक्वेस्ट्रंट टाकायचं, एचईडीपी नावाचं रसायन असलेलं, डोस डब्यावर लिहिल्याप्रमाणे. हे लोखंडाला धरून ठेवतं, बाहेर पडू देत नाही. तुम्ही केळीला चिलेटेड फेरस देता ना, साधं फेरस जमिनीत अडकतं पण चिलेटेड पाण्यात राहतं, तीच युक्ती इथे. २४ तास पाणी फिरवा, मग क्लोरीन एकदम थोडं, अर्धा पीपीएमच्या हिशोबाने. पहिले एक-दोन दिवस टेस्टमध्ये क्लोरीन शून्यच दिसेल कारण उरलेलं ॲस्कॉर्बिक ते खातंय, घाबरून जास्त ओतू नका, रोज थोडं थोडं वाढवत आठवड्याभरात १ ते २ वर आणा. पीएच यात पडलेला असेल, तो सोडा ॲशने झटक्यात वर नेऊ नका, त्याने डाग परत बसतो, खायच्या सोड्याने अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) ८० ते १०० पर्यंत आणा, पीएच मग आपोआप हळूहळू चढतो. पुढे तो ७.२ ते ७.४ मध्येच ठेवा. सिक्वेस्ट्रंट ऊन आणि क्लोरीनने झिजतं, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी थोडं टाकत राहावं लागतं, आणि ते झिजून फॉस्फेट होतं जे शेवाळाचं खाद्य, त्यामुळे पुढे क्लोरीनचा नागा चालणार नाही.

रोजच्या क्लोरीनसाठी टीसीएल सोडा असं मी म्हणेन. परवडतं म्हणून वापरायचंच असेल तर ड्रममध्ये कालवून रात्रभर निवळू द्या आणि फक्त वरची निवळी घ्या, खालचा चुना पूलमध्ये नको. लिक्विड क्लोरीन बरं, १० टक्केवालं असेल तर तुमच्या पूलला १ पीपीएमसाठी ६५० मिली, पण ते उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर पंधरा दिवसांत निम्मा दम जातो, थोडं थोडं आणा आणि सावलीत ठेवा. गोळ्या सोप्या, पण त्यातून स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा पदार्थ, साठत जातो आणि काही महिन्यांनी टेस्टमध्ये क्लोरीन दिसूनही पाणी गढूळच राहतं, लोकांना कारण सापडत नाही.

फिल्टर उघडून बघा हेही सांगतो. दाब नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, हे तुम्हाला ठिबकच्या सँड फिल्टरवरून माहीतच आहे. पण टीसीएलवाल्या पूलची वाळू चुन्याने बांधली जाते. एका ठिकाणी मी झाकण काढलं तर वाळूत बोट जाईना, वर पापडी आणि बाजूने उंदराच्या बिळासारख्या वाटा, पाणी त्या वाटांनी सरळ खाली जात होतं, न गाळता. दाबाचा काटा मात्र एकदम नॉर्मल. तुमची वाळू चार-पाच वर्षांची असेल तर बदलून टाका, त्यात वाद नको.

राहिलं रोजचं वरचं पाणी. उडालेलं पाणी भरायला बोअर थेट पूलमध्ये सोडू नका. शेतात हौद आहे ना, त्यात वरून स्प्रिंकलरसारखं फवारून सोडा म्हणजे हवा लागेल, थोडी निवळी टाका, एक दिवस एक रात्र ठेवा, लाल गाळ तळाला बसतो, आणि तळापासून हातभर वर पाइप ठेवून फक्त वरचं पाणी ५ मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून पूलला घ्या. कार्ट्रिज आठवड्यात विटकरी झालेलं दिसेल, जे टाइल्सवर बसणार होतं ते तिथे अडकलं. मँगनीज निघालं असेल तर एवढ्याने भागत नाही, ते असं पटकन खाली बसत नाही, मग मँगनीज डायऑक्साइडची मीडिया असलेला आयर्न रिमूव्हल फिल्टर बसवावा लागेल.

आणि बादलीची परीक्षा एकदा केली म्हणजे झालं असं नाही. एप्रिलमध्ये बोअरची पातळी खाली गेली, मोटर दोन पाइप खाली सोडली की पाणी बदलतं, जानेवारीत स्वच्छ निघालेली बादली मे मध्ये तांबडी निघू शकते, त्यामुळे मोटर खाली सोडली की त्याच दिवशी परत बादली भरून ठेवा.